"गेलं किती?" हा प्रश्नच चुकीचा आहे



वस्तीत घरफोडी झाली की पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "गेलं किती?" हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आता तो पाठ झालाय. गेल्या उन्हाळ्यात धुणीभांडी करणाऱ्या एका मावशीचं घर भर दुपारी फोडलं. मागचं दार पत्र्याचं. फटीतून तार घालून आतली कडी काढलेली. भिशीचे अडीच हजार आणि एक जुना मोबाइल गेला. ठाणे अंमलदारांनी हिशोब केला, पाच हजारांच्या आत बसतंय म्हणाले आणि एनसीचा कागद मावशीच्या हातात ठेवला.

हा पाच हजारांचा आकडा आला कुठून? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) मध्ये साध्या चोरीला एक नवी सवलत आहे. माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. असा गुन्हा अदखलपात्रही ठरवलाय. सवलत वाईट नाही. भुकेपोटी दुकानातून बिस्किटाचा पुडा उचलणाऱ्या पोराला तुरुंगात घालू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण ही सवलत साध्या चोरीची आहे, घरातल्या चोरीची नाही!

राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, आणि तिथे पाच हजारांची अटच नाही. त्यावर कलम ३३०, ३३१. चोरीसाठी घर फोडलं तर दहा वर्षांपर्यंत, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी फोडलं तर चौदापर्यंत. कुणाला गंभीर दुखापत केली असेल, तर पायऱ्या आणखी वर चढतात. म्हणजे कायदा विचारतो की आत कसा शिरला, कधी शिरला, आतल्या माणसांना धोका किती होता. तिजोरीत काय होतं हे तो विचारत नाही.

"पण कुलूप कुठं तोडलंय?" हा पुढचा प्रश्न. कुलूप तुटायलाच हवं असं कुठंही लिहिलेलं नाही. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणं म्हणजे घरफोडी, हे उदाहरण १८६० च्या दंड संहितेत छापलेलं होतं, नव्या संहितेतही आहे. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी प्रवेश झाला. मावशीच्या दाराची गोष्ट कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलीय, फक्त ठाण्यात कुणी वाचत नाही. आम्ही दोन तास बसून ती वाचून दाखवली, तेव्हा कुठे फिर्याद नोंदली.

घराची व्याख्या तर मुळातून वाचा. माणूस राहतो अशी इमारत, तंबू किंवा जहाज. तंबू! म्हणजे पारध्याचं पाल कायद्याच्या नजरेत बंगल्याइतकंच घर आहे. एम.ए.ला समाजशास्त्रात आम्ही घरावर पानंच्या पानं लिहिली, पण हा एक शब्द कुणी दाखवला नव्हता.

इथे काही कार्यकर्ते आम्हाला अडवतात. म्हणतात, जड कलमांचा आग्रह धराल तर उद्या त्याच कलमांखाली पालावरची पोरं उचलतील. ही भीती खोटी नाही. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मानेच चोर ठरवलं. १९५२ मध्ये तो देशभरातून गेला, संशय मात्र ठाण्यात राहिला. तरीही कलम हलकं करून त्या पोरांचं रक्षण होत नाही. त्यांना पकडतात ते पुराव्याशिवाय, जातीवरून. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढायचीच आहे. मावशीचा गुन्हा एनसीत बुडवला म्हणून एकही पारधी पोरगा सुटलेला नाही. उलट दोघांचंही घर, घर म्हणून मोजलं जात नाही.

तेव्हा फिर्याद लिहून देताना रकमेपासून सुरुवात करू नका. आधी लिहा: राहतं घर, दार कोणतं, कसं उघडलं, वेळ काय, आत कोण होतं. रक्कम शेवटी. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. टपालाची पावती जपून ठेवा.