औत सुटण्याची वेळ

मराठीतला ‘तास’ हा शब्द मोठा फसवा आहे. घड्याळाचा तास 60 मिनिटांचा. महाविद्यालयातला तास पुष्कळ ठिकाणी 48 मिनिटांचा. आणि शेतकऱ्याला विचाराल, तर तास म्हणजे नांगराने जमिनीत ओढलेली रेघ. या तिघांत शेतकऱ्याचा तेवढा प्रामाणिक. तो बांधापाशी संपतो. आमचा तास घंटेबरोबर संपतो असे घंटा देणाऱ्या शिपायाला वाटत असेल. नव्याने नोकरीला लागलेल्या प्राध्यापकाला तसे कधीच वाटत नाही.

हिशेबच करून पाहा ना. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 40 तास काम करावे आणि त्यांतले 16 तास प्रत्यक्ष शिकवावे. म्हणजे 48 मिनिटांचे 20 तास झाले. आता नवखा मनुष्य एका तासाच्या तयारीला तीन घड्याळी तास सहज घालवतो. मीही घालवत असे. वीस त्रिक साठ! त्यांत शिकवण्याचे 16 मिळवा, की 76 झाले. गृहपाठ, समित्या, स्नेहसंमेलन आणि फोनवरून रात्री दहाला येणाऱ्या सूचना यांना अजून आपण हातही लावलेला नाही.

आणि हे झाले कायम नोकरीवाल्याचे गणित. आज कित्येक तरुण तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे. मे महिन्याची सुट्टी त्यांना बिनपगारी. सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी शिकवणाऱ्या आमच्या विभागातल्या एक तरुण बाई मला म्हणाल्या, “सर, डबा मी एसटीतच खाते. घरी गेल्यावर मुलगा पुस्तक घेऊन जवळ येतो, तेव्हा पुस्तक पाहूनच मला राग येतो.” मराठीच्या शिक्षिकेला पुस्तक पाहून राग यावा! हे ऐकून मला हसू आले नाही.

अशा वेळी वडीलधारी मंडळी साने गुरुजींचे नाव घेतात. ते बरोबरच आहे. अमळनेरच्या शाळेत 1924 पासून सहा वर्षे त्यांनी शिकवले, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. पण दोन गोष्टी आपण विसरतो. गुरुजी अविवाहित होते; त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले लेकरू घरी नव्हते. दुसरी गोष्ट अशी, की 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले, ते शाळेच्या पाठटाचणावरून नव्हे. त्यांची सारी शिदोरी घरातली होती, चुलीजवळची, अंगणातली. घर ज्याच्याजवळ नाही, त्याच्याजवळ शिकवण्यासारखे तरी किती उरणार?

हे मला कळले ते माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. आमचे आबा शेतकरी. त्यांनी अंथरूण धरले होते आणि ते पुन्हा उठणार नाहीत, हे घरात सर्वांना कळून चुकले होते. त्याच सुमारास रविवारी बहिःस्थ विद्यार्थ्यांचे वर्ग घेण्याविषयी मला विचारण्यात आले. तासाला पैसे मिळणार होते, आणि औषधांचा खर्च पाहता ते हवेही होते. मी नम्रपणे नाही म्हटले. वरिष्ठांना ते रुचले नाही. ते सबंध सत्र त्यांचे-माझे बोलणे नमस्कारापुरतेच राहिले. रविवारी मी गावी जाऊन आबांच्या उशाशी बसू लागलो.

बोलायला विषय असा काय असणार? मग मी त्यांना नांगराच्या भागांची नावे विचारी. रुमणे, फाळ, जू, शिवळ अशी एकेक वस्तू ते हवेत बोट फिरवून दाखवीत. एकदा म्हणाले, “बैल बांधाला आला की त्याला दम खाऊ द्यायचा, लेका. तासामागं तास दामटलास, तर दुपारीच बसंल. मग दिस बुडायला औत सोडायचं का दुपारी, ते तूच ठरीव.”

त्या वर्षी दिवाळीनंतर आबा गेले. पुढे वर्गात ग्रामीण कथा शिकवताना ‘शिवळ’ हा शब्द आला, आणि शहरात वाढलेली मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली, तेव्हा मी हवेत बोट फिरवून ती दाखवली. कोशातला अर्थ मला आधीपासून पाठ होता. पण मुलांना ती वस्तू दिसली, ती त्या रविवारांमुळे. त्या बुडालेल्या पैशांइतका फायदेशीर व्यवहार मी आयुष्यात केला नाही!

म्हणून नव्या मंडळींना मी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तयारीला वेळेचा बांध घाला: दीड तास म्हणजे दीड तास. नवखा शिक्षक 48 मिनिटांसाठी दोन तासांचा मजकूर घेऊन वर्गात जातो, आणि निम्मा परत आणतो. टाचणवहीचे डावे पान कोरे ठेवा. वर्गात मुलांनी जे विचारले ते तिथे टिपा. पुढच्या वर्षी तीच वही तुमचे निम्मे काम करील. गृहपाठ तपासताना एका वहीत एकच मोठी चूक दाखवा. सर्वांच्या सारख्या चुका फळ्यावर घ्या. आणि रात्री आठनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आठनंतर आलेल्या परिपत्रकाने सकाळपर्यंत कोणाचे नुकसान झाल्याचे मी पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, ही कामचुकारांची सोय झाली. तसे नाही. कामचुकार मनुष्य तास बुडवतो. मी बांध घालायला सांगतो आहे. बांधाने शेत लहान होत नाही. पाणी मात्र अडते. अर्थात, दोन गावी धावणाऱ्या आमच्या त्या बाईंना एवढ्याने पुरणार नाही. त्यांना कायम जागाच हवी, आणि ती देणे सरकारच्या हाती आहे. तोवर विभागातल्या आम्ही कायम लोकांनी त्यांचे सकाळचे तास सलग लावून दिले. आता दुपारचा डबा त्या बाकावर बसून खातात.

हा अंक हातात पडेल, तेव्हा पुष्कळ शिक्षकांच्या टेबलावर सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असेल. रोज मोजून वीस तपासा, गठ्ठ्याची दोरी बांधा आणि स्वयंपाकघरात जा. तिथे करंज्यांची कातण फिरवायला एक हात कमीच असतो.