आज काय केलंस?

माझी आत्या मिरजेत परिचारिका होती. सगळी नोकरी वॉर्डात गेली. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे दवाखाना काढला, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, कर्नाटकातून माणसं आजही तिथे उपचाराला येतात. आत्या निवृत्त झाली तरी गल्लीत तिला सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. कुणाला ताप भरला की आधी तिचं दार वाजतं.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी असते. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. हरभट रोड, मारुती चौक, गावभाग, सगळं पाण्यात. माझं बुकबाइंडिंगचं दुकान त्यातच होतं. ओला कागद किती फुगतो हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. रॅकवर दाबून रचलेली रिमं फुगतात आणि रॅकच्या कडा उचकटून बाहेर येतात. पुठ्ठ्यांचा लगदा झाला होता. कटिंग मशीनच्या पात्यावर गाळ वाळून बसला होता.

पण मी खचलो तो मालामुळे नाही. लोकांनी बांधायला दिलेली पुस्तकं गेली. कुणाच्या आजोबांची ज्ञानेश्वरी, कुणाच्या आईच्या हातची पाककृतींची वही, एका वकिलांचे जुने खंड. नवा माल कर्ज काढून आणता येतो. त्या वहीतलं अक्षर कुठून आणायचं? लोक येऊन उलट माझंच सांत्वन करायचे, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

घरातही पाणी होतं, म्हणून बायको-मुलांना घेऊन आत्याकडे मिरजेला गेलो. घर धुऊन झाल्यावर मुलांची शाळा सुरू झाली. बायको सांगली-मिरज करत राहिली. मी आत्याच्या माडीवर पडून होतो. झोप नाही, भूक नाही, डोक्यात एकच चऱ्हाट.

आत्याने मला एकदाही ‘कसं वाटतंय?’ विचारलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा, आणि उत्तर देता देता मी आणखी आत जायचो. आत्या रात्री जेवताना विचारायची, “आज काय केलंस?” पहिल्यांदा म्हणालो, “काही नाही.” ती म्हणाली, “बरं. उद्या मेथी निवडून दे.”

सकाळी ठरल्या वेळी ती माडीवर यायची, खिडक्या उघडायची आणि गादी गुंडाळायला लावायची. “ऊठ की रे, ऊन आलंय.” झोप लागली नसली तरी उठायचं. गादी पसरलेली राहिली की माणूस पुन्हा तिच्यावर जातो, हे तिने वॉर्डात पाहिलेलं. मग चहाचा कप हातात देऊन गच्चीवर पाठवायची. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोप त्यावर ठरते, हे मी नंतर वाचलं. आत्याने त्याचं कारण कधी सांगितलं नाही. दुपारी आडवं व्हायला मात्र सक्त बंदी होती.

दाढीचंही तसंच. मला आरशात बघावंसं वाटत नव्हतं. ती गरम पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि उभी राहायची. एकदा सांगत होती, दीर्घ आजारातला पेशंट ज्या दिवशी आपणहून कंगवा मागतो, तो दिवस ती रिपोर्टबुकात लिहायची. डॉक्टर ती ओळ तापाच्या तक्त्याइतक्याच लक्षपूर्वक वाचायचे. “मन बरं झालं की कंगवा मागतो, असं वाटतं ना तुला?” ती म्हणाली. “आम्ही आधी केस विंचरायचो. मन मागून येतं.”

माझ्यासाठी सगळं या एका वाक्यात आहे. मी वाट बघत बसलो होतो, उभारी आली की कामाला लागू. ती उभारी कामाच्या आधी येणार नव्हती. मेथीची जुडी ही क्षुल्लक गोष्ट, पण सकाळी सुरू होऊन सकाळीच संपणारी. दुकानाचं काम संपणारं नव्हतं. बघितलं की छाती दडपायची. आत्या मुद्दाम संपणारी कामं द्यायची. पिंप भर, रेशन आण, शिवणयंत्राला तेल घाल. आणि मग एक दिवस मुलीची फाटलेली वही पुढे टाकली: “ही शिवून दे.” घरात दाभण होता, दोरा होता. खळ मी गव्हाच्या पिठाची शिजवली. जुजबंदी शिलाई घालताना पहिल्या काही टाक्यांना हात थरथरला, मग हाताने आपला रस्ता धरला.

संध्याकाळी ती काहीतरी आणायला बाहेर पाठवायची, आणि दुकान नेहमी लांबचं सांगायची. वाटेत सतारमेकरांची गल्ली लागते. मिरजेचे तानपुरे आणि सतारी देशभर जातात. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे दारात भोपळे वाळत टांगलेले असतात, आत कुणी लाकडावर नक्षी भरत असतो, कुणी जवारी लावत असतो. जवारीचं काम बघत मी उभा राहायचो. घोडीवरून कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तो माणूस मान वर करून “बसा” म्हणायचा. दुसऱ्याचे हात मन लावून काम करताना बघण्यात मोठा विसावा आहे. त्या वेळात माझं चऱ्हाट थांबायचं.

काळजी करू नको, असं आत्या कधी म्हणाली नाही. काळजीला तिने वेळ ठरवून दिली: दुपारी चार ते साडेचार. त्या अर्ध्या तासात वही, पंचनाम्याचा कागद, विम्याची फाइल आणि बँकेच्या हप्त्यांचं पत्र घेऊन बसायचं. जे सुचेल ते लिहायचं, आणि त्यातलं उद्या करता येण्यासारखं एक काम खूण करून ठेवायचं. रात्री काही डोक्यात आलं की म्हणायची, “चारला.” हे पोरकट वाटेल, पण ज्या माणसाला रात्रभर हिशेब दिसतात त्याला ‘उद्या चारला बघू’ एवढा दिलासाही पुरतो. पुराचे व्हिडिओ बघायला तिने बंदी घातली. रोज घराबाहेरच्या एका माणसाला फोन करायचा, एवढा आणखी नियम होता.

तरीही माझी झोप परतली नाही. एका रात्री मी काही बोललो, ते इथे लिहिणार नाही. आत्याने ऐकून घेतलं, उठून माझ्याजवळ येऊन बसली, रात्रभर बसली. सकाळी रिक्षा बोलावली आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. बाहेरच्या बाकावर तिच्या ओळखीचे लोक होते. ती त्यांच्याशी मोठ्याने, सरळ बोलली, “भाच्याला दाखवायला आणलंय.” त्या एका वाक्याने माझी लाज गेली. औषधं काही महिने चालली, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांच्याच देखरेखीखाली थांबवली.

आणखी एक गोष्ट. सगळे माझ्याभोवती असताना बायकोकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चिखल उपसणारी ती, पंचनाम्याच्या रांगेत उभी राहणारी ती. आत्या तिला रविवारी दुपारी माहेरी पाठवायची, मुलांना ठेवून घ्यायची. “तिला कोण विचारतंय रे?” हा प्रश्न तिने मला विचारला, तेव्हापासून रात्रीच्या जेवणात ‘आज काय केलंस’ मी बायकोला विचारू लागलो.

दुकान पुन्हा उघडलं आणि थोड्याच महिन्यांत, मार्च 2020 मध्ये, टाळेबंदी आली. शटर खाली, हप्ते चालू. पण या वेळी गादी सकाळी गुंडाळली जात होती आणि चारची वही चालू होती.

त्याच काळात गोव्यातल्या ‘संगात’ या संस्थेच्या कामाबद्दल वाचलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी एक पद्धत वापरली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका, आणि त्यांचा गाभा एवढाच: माणसाने सोडून दिलेली कामं, भेटीगाठी, छंद थोडे थोडे पुन्हा सुरू करायला लावायचे, आणि काय केलं ते टिपून ठेवायचं. नेहमीच्या उपचारांना याची जोड मिळालेल्या लोकांना अधिक आराम पडला. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. अमेरिकेत पीटर लुइन्सन यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या विचारापर्यंत त्याची मुळं जातात. मी आत्याला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिला मनापासून आनंद झाला: “म्हणजे गोव्यात साध्या माणसांना शिकवलं? चांगलं केलं.”

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आलं. आमच्या ओळीतला एक कापडवाला गाळात खुर्ची टाकून बसलेला दिसला. मी त्याला धीर दिला नाही. झाडू दिला, एक खण दाखवला आणि म्हटलं, “एवढाच आज.” संध्याकाळी जाऊन विचारलं, आज काय केलंस. पुढे मनाच्या त्रासात मदतीसाठी ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांक सुरू झाला, तोही त्याच्या गल्ल्याजवळ लिहून ठेवला. आत्याच्या घरी तो कालनिर्णयावर दर वर्षी नव्याने लिहिला जातो.

हा मजकूर आत्याला वाचून दाखवला. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, दवाखान्यात नेल्याचा भाग लहान आहे. लोक मेथी निवडत बसतील आणि डॉक्टरकडे उशिरा जातील, तर जोर देऊन लिही. म्हणून लिहितो: झोप, भूक कित्येक आठवडे परतत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी दुरुस्ती मला ठाऊक नसलेली होती. हे सगळं तिचं नव्हे, म्हणाली. काका, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा ती तिशीचीही नव्हती. कामावर परतली तर नुसती भिंतीकडे बघत बसायची. तिच्या वॉर्डातल्या एक मावशी, फरशी पुसणाऱ्या, रोज सकाळी तिच्या हातात चादरींचा गठ्ठा द्यायच्या आणि म्हणायच्या, सिस्टर, या खाटेचं एक टोक धरा. दोघी मिळून अख्ख्या वॉर्डाच्या चादरी बदलायच्या. ते मावशींचं एकटीचं काम होतं आणि त्यांना मदतीची काही गरज नव्हती, हे आत्याला फार उशिरा कळलं. तोपर्यंत मावशी निवृत्त होऊन जतकडे गावी गेल्या होत्या. “ऋण लिहितोयस तर त्यांचं लिही,” आत्या म्हणाली, “माझं कशाला?”

दोघींचं लिहिलं आहे.