बांधीतले जवस आणि भिंतीवरचे चित्र

वाचकहो, मार्गशीर्ष-पौषात भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडून लाखनी-साकोलीकडे जाणार असाल, तर सकाळी लवकर निघा. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळी आणि जवस उभे दिसेल. कापणीपूर्वी ओल्या बांधीत बी फेकून घेतलेले हे उतेऱ्याचे पीक. जवसाची निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. उशिरा निघालेल्याला नुसते हिरवे रान दिसते.

जवसाची चटणी आपण खातोच. पण तैलचित्रातले तेल बहुधा जवसाचेच असते, हे ठाऊक आहे का? युरोपातले चित्रकार १५व्या शतकापासून या तेलात रंग खलत आले. राजा रविवर्मांची गाजलेली चित्रेही तैलरंगातलीच. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची छापील चित्रे घरोघर भिंतीवर लागली.

जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि रंग धरून ठेवते. शेंगदाण्याचे तेल असे वाळत नाही, चिकटच राहते.

मग आपल्या परसातली वांगी, टमाटर, झेंडू घरच्या मुलामुलींनी का रंगवू नयेत? रंगाच्या नळ्या शहरात मिळतात. कोऱ्या कापडावर थेट रंग लावू नका, तेलाने कापड कुजते. आधी सरसाचा हात द्या, वर पांढरे अस्तर द्या. फूल कोमेजते, म्हणून ते आधी रंगवा. वांगे दोन दिवस थांबते. वांग्यावर उजेड पडतो तिथे पांढरट ठिपका हवा, सावलीच्या अंगाला रंग गडद हवा. पहिला हात टर्पेंटाईन घालून पातळ, वरचे हात अधिक तेलाचे. उलट केले तर चित्र तडकते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवून उघड्यावर पसरा. तणसाच्या ढिगाजवळ तर ठेवूच नका.

देशात जवसाचा पेरा गेल्या काही दशकांत फार घटला आहे. ओल धरणारी बांधी तुमच्याकडे असेल, तर यंदा धान कापण्यापूर्वी तिच्यात जवस फेका. घरात चटणी होईल, घाणीवर तेल निघेल आणि लेकरांना सकाळी रंगवायला निळी फुलेही मिळतील.