मोहाखालचा कुत्रा

मार्च-एप्रिलच्या पहाटे चंद्रपूर-गडचिरोलीत बाया मोह वेचायला निघाल्या की घरचा कुत्रा मागोमाग जातोच. टोपली भरता भरता चार-दोन फुलं त्याच्याही तोंडात जातात. ताज्या फुलांची फारशी भीती नको. ढीगभर खाल्ली तर पोट बिघडेल, एवढंच. मोहाच्या बियांची पेंड मात्र त्याच्यापासून दूर ठेवावी. तिच्यात सॅपोनिन असतं, मासे मारायला ती वापरतात.

*

कुत्र्याला गोड चव कळते. वाघ, बिबट, मांजर यांना कळत नाही. मार्जारकुळात गोड ओळखणारं जनुकच निकामी झालं आहे. बिबट मोहापाशी येतो तो फुलांसाठी नव्हे. त्याला कुत्रा हवा असतो. म्हणून झुंजूमुंजू असताना कुत्रा जवळ ठेवावा, भुंकत पुढे पळू देऊ नये.

*

खरा धोका सडव्याचा, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहाचा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; जंगलात लपवलेले ड्रम सापडले की पोलीस मोहसडवा जागीच ओतून नष्ट करतात. गोड, आंबूस वास सुटतो आणि कुत्री चाटायला येतात. बारा-पंधरा किलोच्या देहाला दारू फार लवकर भिनते: झोकांड्या, उलट्या, अंग गार पडणं, रक्तातली साखर उतरणं, श्वास मंदावणं. झिंगलेला कुत्रा पाहून हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो विषबाधा झालेला प्राणी असतो. त्याला ऊब द्यावी आणि लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्यावं.

*

बाकीच्या फळांचं म्हणाल, तर कुत्र्याला आंब्याचा गर चालतो, कोय नाही. कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट उघडावं लागतं. पिकलेल्या तेंदूचंही तेच, गर द्यावा, बिया काढून. केळं, पेरू, बिया काढलेली पपई थोडीथोडी चालते.

सीताफळाचा गर द्यायचा तर एकेक बी काढून. अख्खी बी बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावून फोडली तर विषारी. या बियांची पूड उवा मारायला लावतात आणि डोळ्यांत गेली तर डोळे सुजतात, हे आपल्याकडच्या बायकांना ठाऊक असतं.

*

जंगलाबाहेरून येणारं एक फळ सगळ्यांत वाईट: द्राक्ष. बेदाणेही त्यातच आले. कुत्र्याची मूत्रपिंडं त्यानं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे आधी सांगता येत नाही. शिऱ्यातला, प्रसादातला बेदाणा प्रेमानं भरवणारे हात मी पाहिले आहेत. थांबवावेत.

*

बिबा. वरचं केशरी बोंड माणसं खातात, खालच्या काळ्या बीचं तेल कातडी भाजून काढतं. कुत्र्यानं बी फोडली तर ओठ, जीभ, हिरड्या सोलवटतात. केसांना तेल लागलं असेल तर त्याला चाटू देऊ नका. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून साबणानं धुवा, नाहीतर फोड तुमच्याही हातावर येतील.