कोरड्या मोज्यांची शिल्लक

माणूस घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढतो. भिंतीला जरा ओल आली की बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आणि तोच माणूस आसामच्याही पलीकडे जाऊन, भर पावसात, चार दिवस कापडाच्या घरात आनंदानं राहतो. मी बी.कॉम. आहे, पण हा व्यवहार कोणत्या खाती मांडायचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

निमित्त झिरोच्या संगीत महोत्सवाचं. झिरो हे अरुणाचल प्रदेशातलं गाव. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर डोंगरांनी वेढलेलं खोरं, त्यात आपातानी लोकांची भातखाचरं. भाताच्याच पाण्यात ही मंडळी मासेही वाढवतात. म्हणजे एका ठेवीवर दोन व्याजं. २०१२ साली सुरू झालेला हा उत्सव साधारण सप्टेंबरअखेरीस भरतो. सप्टेंबरअखेर म्हणजे आमची सहामाही! रजेचा अर्ज पाहून साहेबांनी विचारलं, "कुठं?" म्हटलं, "झिरो." साहेब म्हणाले, "शिल्लक रजा नाही विचारली. गाव विचारलं."

हट्ट आमच्या कन्येचा. कॉलेज संपलं होतं, पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला जायची होती. तिघं एका छपराखाली पुन्हा कधी सापडणार, हा हिशेब सौ.नं आणि मी एकमेकांना न दाखवता केला आणि एलएफसीचा फॉर्म भरला.

तर पहिला सल्ला असा, की तंबू घरी एकदा लावून पाहावा. आम्ही तो सोसायटीच्या गच्चीवर लावला. खालून कापड दिसल्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लगबगीनं वर आल्या. "मांडव ना? जमलं वाटतं हिचं! कळवलं नाहीत ते?" दारू न पिता आत्महत्येचे विचार येतात ते अशा वेळी, असं कन्येचं मत.

अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागतं, ते आधीच काढावं. नाहरलगुनपर्यंत रेल्वे जाते. पुढं सुमारे शंभर किलोमीटर घाट. आणि बँकेतला माणूस म्हणून सांगतो, रोख रक्कम जवळ बाळगा. डोंगरात मोबाइलला रेंज नसली की तुमचे बँकेतले लाखभर रुपये चहाच्या एका कपालाही उपयोगी पडत नाहीत.

तंबूची जागा मात्र नीट निवडावी. मऊ गवताचा छान खोलगट तुकडा दिसला की तिथंच पडावंसं वाटतं. ती जागा पावसाच्या पाण्यानं आधीच राखून ठेवलेली असते. उंचवट्यावर लावा. खुंट्यांची डोकी तंबूपासून लांब झुकतील अशा तिरक्या ठोका. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या बाहेर तसूभरही दिसता कामा नये. दिसलं, की वरून ओघळणारं पाणी त्याच्यावर साठतं आणि गुपचूप तुमच्या पाठीखाली येतं. हे सौ.ला काही केल्या पटेना. घरी गादीखालची सतरंजी चार बोटं बाहेर दिसली तरच तिला शोभा वाटते.

थंडी वरून पडते, हाही एक गैरसमज. झोपल्यावर ती जमिनीतून येते. म्हणून पांघरुणापेक्षा चटईवर जास्त खर्च करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण तंबूतच सुचलेली असणार. जास्त पसरले की पाय कापडाला टेकतात, आणि टेकले तिथून ओल आत येते.

आता मुख्य मुद्दा. बँका ठेवींचा ठराविक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात. कितीही नड आली तरी तो वापरायचा नसतो. तसाच कपड्यांचा एक जोड आणि लोकरीचे मोजे प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवावेत आणि फक्त झोपताना काढावेत. दिवसा भिजलेले मोजे सकाळी पुन्हा तसेच ओले चढवावेत. अंगावर काटा येतो, पण राखीव निधी शाबूत राहतो.

सवाई गंधर्वला पूर्वी रात्रभर शाल गुंडाळून बसलेला मी. इथं सगळे चिखलात गमबूट घालून उभे. दिवसाच्या रंगमंचाचं नाव डोनी, म्हणजे सूर्य. रात्रीच्याचं पोलो, म्हणजे चंद्र. दोन्ही बांबूचे. पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, म्हणून कपाळावर बांधायची बॅटरी हवी. गाणं काय कळलं ते विचारू नका. पण धुक्यातून ढोलाचा ठोका छातीवर आला की राग ओळखायची गरज उरत नाही.

तिसऱ्या रात्री कन्या पोलोहून परतली ती नखशिखांत भिजून. दात वाजत होते. तिनं आपली राखीव पिशवी पहिल्याच दिवशी फोडलेली. सौ.चे मोजे सौ.च्या पायांत, आणि सौ. गाढ झोपेत. मी माझी पिशवी उघडली. "बाबा, तुमचं काय?" "घाल गं," म्हटलं, "विनातारण आहे, पण ओळखीचं खातं आहे." गरम मोज्यांत ती दोन मिनिटांत घोरू लागली. मी पायांवर वर्तमानपत्र गुंडाळून, गुवाहाटीच्या सगळ्या छोट्या जाहिराती पोटऱ्यांवर घेऊन उजाडेपर्यंत पाऊस ऐकला.

मोजे तिच्याबरोबर बंगळूरला गेले. परतफेड नाही, व्याज नाही. नव्वद दिवस उलटून गेले; नियमानं ते खातं आता अनुत्पादक दाखवायला हवं. मी दाखवलेलं नाही.