टीमला आधी यंत्र दाखव

पुणे, गुरुवार

प्रिय मैत्रिणी,

स्टुटगार्टला तुला टीम लीड केल्याचं वाचून फार आनंद झाला. ‘पोरांना कसं सांभाळतेस?’ असं विचारलंयस, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आज भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी, म्हणजे आमच्या कामाचा दिवस. लाइन बंद असते तेव्हाच नवा प्रोग्रॅम निवांत चढवता येतो.

आमची टीम बसते हिंजवडीत आणि तिनं लिहिलेलं चालतं चाकण-भोसरीत. नव्या मुलांचा लॅडर प्रोग्रॅम छान असतो, सिम्युलेटरवर सगळं हिरवं. पण प्रेस खाली येताना जमीन कशी हादरते, हे त्यांनी अनुभवलेलं नसतं. म्हणून मी आल्या आल्या कुणाला कोड लिहायला बसवत नाही. पॅनलसमोर नेते आणि वायरमनला इमर्जन्सी स्टॉपची एक वायर सोडवायला सांगते. यंत्र जागच्या जागी थांबतं. पोरं चक्रावतात, बटण तर कुणी दाबलंच नाही! मग सांगते, हा कॉन्टॅक्ट मुद्दाम एनसी, म्हणजे एरवी जोडलेला, ठेवलेला असतो. उद्या उंदरानं वायर कुरतडली तरी यंत्र थांबलंच पाहिजे. ट्रान्समीटर शून्य दाबाला 4 मिलिअँपिअर देतो तेही त्याचसाठी. करंट शून्यावर आला, की वायर तुटली समजायचं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की मुलं प्रोग्रॅम लिहिताना ‘बिघडलं तर काय?’ हा प्रश्न आपणहून विचारू लागतात.

अलार्मकडेही बघ गं. रात्रपाळीला एक ऑपरेटर माझ्याशी बोलता बोलता, स्क्रीनकडे न बघता अ‍ॅक्नॉलेज दाबत होता. त्याचा काय दोष? प्रत्येक टॅगला हाय, हायहाय, लो, लोलो लावून आपणच मोकळे होतो. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत 24 जुलै 1994 रोजी स्फोट झाला, तेव्हा शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले होते. शिवाय एक व्हॉल्व्ह बंद होता आणि स्क्रीनवर उघडा दिसत होता. 26 माणसं जखमी झाली. आमच्याकडे आता नियम आहे: जो अलार्म टाकेल त्यानं तो वाजल्यावर ऑपरेटरनं नेमकं काय करायचं, ते शेजारी लिहायचं. लिहिता आलं नाही, तर अलार्म काढायचा.

पण लीडचं खरं काम साइटवर मध्यरात्री लागतं. डिस्पॅच अडलेलं असतं, प्रॉडक्शनचे साहेब डोक्यावर उभे, आणि आपल्या दोन वर्षांच्या अनुभवाच्या पोराला सांगतात, ‘गार्डच्या इंटरलॉकला जंपर मार, सकाळी बघू.’ त्या गार्डच्या आत कुणाचा तरी हात जाणार असतो. माझ्या पोरांना मी बजावून ठेवलंय: माझं नाव सांगून नाही म्हणायचं आणि फोन मला जोडून द्यायचा, रात्री कितीही वाजू देत. त्या नकारापायी कमिशनिंग लांबलं, तर वरच्यांना उत्तर मी देते. एवढी पाठराखण मिळाली, की मुलं आपल्या चुकाही लपवत नाहीत.

तेव्हा तुझ्या माणसांना याच महिन्यात एक रात्रपाळी ऑपरेटरशेजारी बसव, लिहायला वही देऊन. आणि तो काय काय म्हणाला, ते मला नक्की कळव.

तुझीच,
पुण्याची मैत्रीण