आठ लिटर ताकाचा चहा



काल दुपारी लावणीतून वर येऊन बांधावर पाय धूत होतो. पावसानं दोन दिवस तोरण्याचं टोक दिसू दिलं नाही. तेवढ्यात वरच्या आळीतला एक पोरगा आला, हातात पिशवी, पिशवीत औषधाची बाटली. म्हणाला, "दादा, हे जरा वाचा ना. हे गवताचं आहे का किडीचं?"

बाटलीवर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. मी विचारलं, "अरे, घेतलंस तिथंच का नाही विचारलं?"

"विचारणार होतो. पण काउंटरवर चार माणसं उभी होती. म्हटलं हसतील."

मी हसलो नाही. मी स्वतः एकदा आठ लिटर ताकाचा चहा करायला निघालो होतो, तेही परदेशात, शेतीचं उच्च शिक्षण घेताना. आज ते सांगतो. पावसानं काम थांबलंय, तोवर वाचा.

पुण्यात कृषीची पदवी झाल्यावर २०१२ साली मी एमएस्सीला नेदरलँड्सला गेलो. वागेनिंगेन गावात. तिथली माणसं त्याला वाखनिंगन असं काहीतरी घशातून म्हणतात. ऱ्हाइन नदीच्या काठचं लहान गाव, पण शेतीच्या शिक्षणात जगात नाव. १८७६ साली तिथं सरकारी शेती शाळा निघाली, तिचंच पुढं विद्यापीठ झालं. आमच्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर. मी वेल्ह्याचा, एक मित्र नगरकडचा, एक यवतमाळचा, आणि शेजारच्या खोलीत इथिओपियाचा एक जण. इथिओपियावाला बोलायला कमी, खायला उत्साही.

सप्टेंबरात वर्ग सुरू झाले आणि लगेच गणपती आले. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला, बुधवारी होती. नगरचा मित्र मातीशास्त्रवाला. त्यानं नदीकाठची चिकणमाती आणून वीतभर गणपती केला. सोंड जरा जाड झाली, पण बाप्पा ओळखू येत होते. ठरलं असं की संध्याकाळी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलवायचं. शेवयांची खीर, भजी आणि आपला आल्याचा चहा. शेवया आणि बेसन घरून आणलं होतं. राहिलं फक्त दूध.

दुपारी तिघं सायकली काढून मोठ्या दुकानात गेलो. दुधाचं कपाट बघून डोकं फिरलं. आपल्याकडं म्हशीचं का गाईचं, एवढाच प्रश्न. तिथं भिंतभर खोकी, सगळ्यांवर गाय, सगळ्यांवर कुरण, आणि मजकूर सगळा डच. एका खोक्यावर लिहिलेलं, कार्नेमेल्क. यवतमाळचा म्हणाला, "मेल्क म्हणजे मिल्क. कार्ने हे कंपनीचं नाव असेल." वर एकावर एक फुकटची पाटी. आम्ही तिघं कृषी पदवीधर, तिघांनी मान डोलावली. चारचे पैसे देऊन आठ लिटर घेतलं आणि स्वस्तात मारलं म्हणून येताना शीळ घालत आलो.

पातेल्यात दोन लिटर ओतलं. शेजारचा इथिओपियावाला पाणी प्यायला आला होता. त्यानं पातेल्याजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "अरेरा."

आम्हाला वाटलं, तो आपल्यासारखंच 'अरेरे' म्हणतोय. नगरचा म्हणाला, "अरेरे कशाला? सणाचा दिवस आहे." तो परत म्हणाला, "अरेरा, अरेरा," आणि खांदे उडवून गेला.

गॅस लावला. पाच मिनिटांत पातेल्यात एकीकडं पाणी, एकीकडं गोळे. मग नेहमीचं सुरू झालं. "भांडं कोणी धुतलं? साबण राहिला असणार." "साखर आधी टाकलीस म्हणून." "इथल्या गाईंना काय खायला घालतात कोण जाणे." दुसरं खोकं फोडून वेगळ्या भांड्यात पाव लिटर तापवलं. तेही फाटलं. आता शंका उरली नाही. आम्हाला परदेशी पोरं बघून नासकं दूध विकलंय!

पाहुणे आठला येणार. साडेसहाला न फोडलेली खोकी आणि पावती घेऊन आम्ही परत दुकानात. मी पुढे, कारण आवाज माझा मोठा. काउंटरवरच्या पोराला इंग्रजीत सांगितलं की दूध खराब आहे. त्यानं खोक्यावरची तारीख पाहिली, म्हणाला तारीख ठीक आहे. मी म्हणालो, तापवलं की फाटतंय. तो म्हणाला, "तापवलं? हे? कशासाठी?"

"चहासाठी."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी नांगर बैलाच्या मागं बांधायचा सोडून शिंगाला बांधलाय.

रांगेत मागं एक आजी उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रकार लक्षात आला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन मुठी एकावर एक धरल्या आणि हात वर-खाली, वर-खाली करायला लागल्या. यवतमाळचा कानात कुजबुजला, "आजी भात कांडतायत का?" मग त्यांनी बोटानं वर काहीतरी काढल्यासारखं केलं, ते पावावर लावल्यासारखं केलं, आणि खाली उरलेलं गटागटा प्यायल्याची खूण केली.

माझ्या डोळ्यांसमोर आमची आज्जी उभी राहिली. रवी, डेरा, वरचा लोणी, खालचं ताक.

ताक! आम्ही ताक तापवून खीर करत होतो. पुढं कळलं की कार्नेन म्हणजे घुसळणं. खोक्यावर सरळ लिहिलेलं होतं, घुसळलेलं दूध. तिकडची माणसं दुपारी पावाबरोबर पेलाभर पितात. दुकानदाराची काडीची चूक नव्हती. सगळी रांग हसली, आजी हसल्या, आम्हीही हसलो. पण माझे कान तापले होते ते सायकलवर गार वाऱ्यातही गार होईनात.

दूध नव्यानं घेतलं, या वेळी त्या पोराला विचारून. दोन लिटर खीर गेली ती गेली. उरलेल्या ताकाला आलं-मिरची वाटून लावली, भज्यातलं थोडं बेसन काढून कालवलं, आणि कढी केली. कढीपत्ता नव्हता. बाप्पाला त्या दिवशी कढीभाताचा नैवेद्य. इथिओपियावाल्यानं तीन वाट्या प्याल्या आणि सांगितलं की त्यांच्याकडं ताकाला अरेरा म्हणतात. तो संध्याकाळीच सांगत होता. नाकानं ओळखलं होतं त्यानं. आम्ही ऐकलं नाही, कारण आम्ही खोक्यावर मेल्क वाचलं होतं.

इथवर गंमत. रात्री मात्र झोप लागली नाही, ती दुसऱ्याच गोष्टीमुळं.

२००९ चा जून आठवतो का? पाऊस लांबला होता. भोर-वेल्ह्यात सगळे आभाळाकडं बघत होते. आमचा दीड एकराच्या लावणीचा तरवा सहा गुंठ्यांत होता, इंद्रायणीचा. विहिरीचं पाणी घालघालून जगवलेला. मी तेव्हा पुण्यात कृषी महाविद्यालयात, दुसऱ्या वर्षाला. तरव्यावर फुलकिडे दिसायला लागले म्हणून तात्यांचा, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचा, फोन आला. तात्यांची शाळा चौथीपर्यंत. म्हणाले, "औषध कुठलं मारू?" मी घाईत होतो. म्हटलं, "माळ्यावर कोपऱ्यात पांढरी बाटली आहे, ती मारा."

माळ्यावर पांढऱ्या बाटल्या दोन होत्या. एक किडीची. दुसरी ग्लायफोसेटची, बांधावरच्या गवताला आणलेली, अर्धी उरलेली. ती तिथं ठेवली होती मीच.

आठवड्यात तरवा पिवळा पडला. दहा-बारा दिवसांत गवताची गंजी झाली. मी गावी आलो, बाटली बघितली, आणि चावडीपुढं चार माणसांत तात्यांना म्हणालो, "बाटलीवरचं एवढं वाचता येत नाही का तुम्हाला?"

तात्या काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गावोगाव फिरून लोकांचा उरलेला तरवा जुड्या-जुड्यांनी मागून आणला. निम्म्याच खाचरांत लावणी झाली, तीही उशिरा. त्या वर्षी खाण्यापुरतंही भात झालं नाही. इंद्रायणी पिकवणाऱ्या घरानं दुकानातून तांदूळ विकत आणला. तीन वर्षं मी मनात धरून होतो की ते तात्यांच्या अडाणीपणामुळं झालं.

आणि आता मी, पुस्तकं वाचलेला, दोन डोळे उघडे ठेवून ताक घेऊन आलो होतो. का? अक्षर कळत नव्हतं, खोकं ओळखीचं वाटलं, आणि विचारायला लाज वाटली. तात्यांनी निदान विचारलं तरी होतं. चुकीचं उत्तर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. आपल्याकडं साडेतीन तास पुढं, तात्या जेवून बसले होते. सगळं सांगितलं. आजींच्या मुठी सांगितल्या तेव्हा ते खूप हसले. मग मी म्हणालो, "तात्या, त्या वर्षीच्या तरव्याचं... चूक माझी होती. दोन बाटल्या आहेत हे मी सांगायला पाहिजे होतं. आणि चारचौघांत बोललो ते तर अजिबात बोलायला नको होतं."

पलीकडं थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "कढी चांगली झाली का?"

"झाली."

"दूध समजून ताक आणलं तर कढी होती रे बाळा. तरवा जळाला की त्याचं काय करायचं?"

मंडळी, या वाक्यावर मी आजही शेती करतो.

यवतमाळच्या त्या मित्राचा २०१७ च्या ऑक्टोबरात फोन आला होता. त्यांच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्याला कारणं अनेक होती, नुसतं लेबल नव्हे. पण तो एवढंच म्हणाला, "आपण दुकानात खोकं परत घेऊन गेलो होतो, आठवतं? इथं परत घेऊन जायला काही नसतं."

म्हणून आमच्या शेडमध्ये आता काही गोष्टी ठरलेल्या आहेत. पटल्या तर घ्या.

पहिलं, तणनाशकाचा पंप वेगळा. त्याला लाल चिंधी बांधलीय. तो पंप पिकावरच्या किडीच्या औषधाला कधीच वापरायचा नाही, कितीही धुतला तरी.

दुसरं, बाटली घरात आली की त्याच दिवशी जाड पेनानं मराठीत मोठ्या अक्षरात लिहायचं: 'गवताचं', 'किडीचं', 'बुरशीचं'. खाली कशासाठी आणलं आणि कधी. दुसऱ्या बाटलीत औषध ओतून ठेवायचं नाही, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच नाही.

तिसरं, बाटलीवरच्या रंगीत खुणेचा अर्थ नीट समजून घ्या. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हा रंग माणसाला ते किती विषारी आहे ते सांगतो. ते गवत मारतं का कीड, हे सांगत नाही. हिरवी खूण बघून 'सौम्य आहे, भाताला चालेल' असं समजणारे मी पाहिलेत. माणसाला सौम्य असलेलं तणनाशक तुमचा तरवा बिनदिक्कत जाळतं.

चौथं, कंपनीचं नाव पाठ करू नका, आतल्या घटकाचं नाव बघा. नाव तेच नसलं तरी औषध तेच असू शकतं, आणि बाटली सारखी दिसली तरी औषध वेगळं असू शकतं. खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, त्यात बहुतेक वेळा मराठीही असतं. ते फेकू नका. घरातल्या शाळेच्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या.

पाचवं कृषी सहायक, दुकानदार आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांसाठी. फोनवर 'ती पांढरी बाटली' असं सांगू नका. समोरच्याला बाटलीचा फोटो पाठवायला सांगा, नाव स्वतः वाचा, मग हो म्हणा. आणि कोणी विचारलं तर चारचौघांत हसू नका. आज हसलात तर उद्या तो विचारायला येणार नाही, अंदाजानं मारील.

कालच्या पोराची बाटली वाचली. बिस्पायरिबॅक सोडियम, भातातल्या गवताचंच होतं. नशीब. पण तो ते किडीच्या पंपात भरायला निघाला होता. त्याला आमचा चिंधीवाला पंप दिला.

तात्या ओसरीत बसून बघत होते. आता पंचाहत्तरी जवळ आली, डोळ्यांना कमी दिसतं. पोरगा निघाला तसे म्हणाले, "विचारलंस ते बरं केलंस. आमचा हा साहेब ताकाचा चहा पितो, त्याला पण विचारूनच घ्यावं लागतं."

पोराला काही कळलं नाही. म्हणून हे लिहिलं.

लावणी अजून दोन खाचरं राहिलीय. पाऊस उघडला की चिखलणी. तुमच्या माळ्यावर किती पांढऱ्या बाटल्या आहेत, आज संध्याकाळी जरा चढून बघा.